तारापूर ते विजयदुर्ग : होमी भाभांचा माग काढत

डॉ. होमी जहांगीर भाभा यांचे नाव ऐकले नाही असा शाळकरी मुलगा महाराष्ट्रात शोधून सापडणार नाही. ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्राला त्यांचे नाव आहे, कुलाब्यातल्या रस्त्याला आहे, मुंबईतल्या एका राज्य विद्यापीठाला आहे, कर्करोग रुग्णालयांना आहे, आणि कर्करोगावर किरणोपचार करणाऱ्या 'भाभाट्रॉन' या देशी यंत्रालाही आहे. मात्र हा माणूस मुळात भौतिकशास्त्रज्ञ होता आणि त्याने स्वतः कागदावर मांडलेले काही सिद्धान्त आजही जगातल्या प्रयोगशाळांत रोज वापरले जातात, हे सांगणारे फार थोडे भेटतात. कोकणाच्या किनाऱ्यावर उत्तरेला तारापूर आहे, मध्ये ट्रॉम्बे आणि कुलाबा, दक्षिणेला माडबन. त्यांच्या कामाचा आणि कीर्तीचा असा लांब पट्टा आपल्याच दारात असताना तो एकदा सलग पाहावा, आणि त्यात भौतिकशास्त्रज्ञ भाभा कुठे दिसतात ते शोधावे, या हेतूने जानेवारीत मी निघालो. सोबत माझे आतेभाऊ होते. ते ट्रॉम्बेहून तंत्रज्ञ म्हणून निवृत्त झाले आहेत. मी त्यांना दादा म्हणतो.

सोमवार : तारापूर

बोईसरला उतरून रिक्षा करताना 'अणुऊर्जा केंद्र' असे म्हणण्याची गरज पडत नाही; 'ॲटॉमिक' म्हटले की पुरते. केंद्राच्या आवारात अर्थातच प्रवेश नव्हता. आम्ही किनाऱ्याकडे वळलो आणि लांबून इमारती पाहिल्या. पुढे वलांड्यांवर बोंबील सुकत घातले होते, त्यांच्या ओळींपलीकडे केंद्राच्या चौकोनी भिंती आणि उंच धुराडे दिसत होते. अणुभट्टीत कोळसा जळत नाही, तरी धुराडे कशाला, असे मी दादांना विचारले. इमारतींमधली हवा गाळून, तपासून उंचावर सोडण्यासाठी ते असते, असे त्यांनी सांगितले.

तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने उभारून दिल्या. करार १९६४ मध्ये झाला आणि ऑक्टोबर १९६९ मध्ये वीजनिर्मिती व्यापारी पातळीवर सुरू झाली. भाभा त्याआधीच, १९६६ मध्ये, गेले होते; त्यांनी आखलेल्या पहिल्या वीजकेंद्राची वीज त्यांना पाहता आली नाही. प्रत्येकी २१० मेगावॉटच्या या भट्ट्या पुढे १६० मेगावॉटवर आणल्या गेल्या. २००५ आणि २००६ मध्ये शेजारी ५४० मेगावॉटच्या दोन भट्ट्या सुरू झाल्या, त्या भारतीय अभियंत्यांनी आखलेल्या आणि जड पाण्यावर (जड हायड्रोजन असलेल्या पाण्यावर) चालणाऱ्या आहेत. त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठवावी लागली. तारापूरविषयी लिहिताना मेगावॉटच्या आकड्यांच्या बरोबरीने ही दोन नावेही लिहिली गेली पाहिजेत, असे मला वाटते.

भाभांची मूळ योजना तीन टप्प्यांची होती. पहिल्या टप्प्यात नैसर्गिक युरेनियम जड पाण्याच्या भट्टीत वापरायचे. त्यातून निघालेले प्लुटोनियम दुसऱ्या टप्प्यात शीघ्र प्रजनक भट्टीत, म्हणजे जळते त्याहून जास्त इंधन तयार करणाऱ्या भट्टीत, वापरायचे. आणि तिसऱ्या टप्प्यात थोरियमपासून युरेनियम-२३३ तयार करून त्यावर वीज निर्माण करायची. भारतात युरेनियम थोडे आणि थोरियम भरपूर, या एका वस्तुस्थितीवर ही सगळी आखणी उभी होती. तारापूरच्या पहिल्या भट्ट्या या आखणीत बसत नाहीत, कारण त्यांना समृद्ध युरेनियम (ज्यातला विखंडन होणारा भाग वाढवलेला असतो ते) लागते आणि ते बाहेरून आणावे लागते. अणुवीज परवडते हे लवकर दाखवून देण्यासाठी भाभांनी ही वाट धरली, असे तो काळ पाहता दिसते. त्याची किंमत पुढे मोजावी लागली. १९७४ च्या पोखरणच्या अणुचाचणीनंतर अमेरिकेकडून येणाऱ्या इंधनात अडथळे आले आणि १९८२ मध्ये फ्रान्सकडे वळावे लागले.

मंगळवार : मुंबई

टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जाण्याची परवानगी आधीच काढून ठेवली होती. कुलाब्याच्या टोकाला, लष्करी वसाहत ओलांडून गेल्यावर समुद्राला लागून ही इमारत उभी आहे. पंडित नेहरूंच्या हस्ते १ जानेवारी १९५४ रोजी तिची पायाभरणी झाली आणि १९६२ च्या जानेवारीत उद्घाटनही त्यांच्याच हस्ते झाले. आत शिरल्यावर मकबूल फिदा हुसेन यांचे भिंतभर पसरलेले चित्र समोर येते, आणि मागच्या बाजूला हिरवळ थेट समुद्रापर्यंत उतरते. भाभा स्वतः चित्रे काढीत, पाश्चात्य शास्त्रीय संगीतात रमत आणि झाडे तोडण्यापेक्षा मुळासकट उचलून दुसरीकडे लावण्याचा आग्रह धरीत. या परिसरात फिरताना हा आग्रह एका माणसाचा होता हे जाणवत राहते. व्हरांड्याची रुंदी, खिडकीतून दिसणारा समुद्र, भिंतीवरचे चित्र, कशातही सरकारी कचेरीची कळा नाही. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९४१ मध्ये नागपूरला भरलेल्या विज्ञान अकादमीच्या अधिवेशनात त्यांची तुलना लिओनार्दो दा विंचीशी केली होती. रामन यांच्यासारखा कडक परीक्षक असे बोलतो, तेव्हा ते नुसते कौतुक समजून सोडून देता येत नाही.

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ चा, मुंबईतल्या सुखवस्तू पारशी घरातला. आत्या मेहेरबाई या सर दोराबजी टाटांच्या पत्नी. कॅथेड्रल शाळा, एल्फिन्स्टन कॉलेज, रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स असे शिक्षण करून १९२७ मध्ये ते केंब्रिजला गेले. अभियंता होऊन टाटांच्या पोलाद उद्योगात यावे ही घरची इच्छा होती. मुलाने वडिलांना पत्र लिहून, आपला पिंड धंद्याचा किंवा नोकरीचा नाही, भौतिकशास्त्र हीच आपली ओढ आहे, असे निक्षून कळवले. वडिलांनी अट घातली: अभियांत्रिकीची परीक्षा पहिल्या वर्गात पास हो, मग गणितासाठी आणखी पैसे पाठवतो. १९३० मध्ये त्यांनी अभियांत्रिकीत पहिला वर्ग मिळवला आणि १९३२ मध्ये गणिताची परीक्षाही पार केली. आज मुलांच्या हौसेवरून घराघरांत वाद होतात, त्या पार्श्वभूमीवर या बापलेकांतला हा व्यवहार मला फार समंजस वाटतो. दोघांनीही दिलेला शब्द पाळला.

१९३९ मध्ये ते सुट्टीसाठी भारतात आले होते. त्याच वेळी युरोपात युद्ध पेटले आणि परतीची वाट बंद झाली. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांना जागा मिळाली; भौतिकशास्त्र विभाग तेव्हा रामन यांच्याकडे होता. १९४१ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. १२ मार्च १९४४ रोजी त्यांनी दोराबजी टाटा ट्रस्टचे अध्यक्ष सर सोराबजी सकलातवाला यांना पत्र लिहून मूलभूत संशोधनाच्या संस्थेची कल्पना मांडली. अणुऊर्जेपासून वीज मिळू लागेल तेव्हा भारताला तज्ज्ञांसाठी परदेशाकडे पाहावे लागू नये, ते घरातच तयार असावेत, हा त्या पत्राचा गाभा. हिरोशिमावर बॉम्ब पडायला तेव्हा सतरा महिने बाकी होते. जगातल्या बहुतेक शिकलेल्या माणसांना अणुऊर्जा हा शब्दही माहीत नसताना पस्तिशीच्या आतला एक तरुण तिच्यासाठी माणसे घडवण्याची तजवीज मागत होता. १ जून १९४५ रोजी बंगळुरूत संस्था सुरू झाली आणि त्याच वर्षाअखेरीस मुंबईत पेडर रोडवरच्या केनिलवर्थ बंगल्यात आली. तिथून ती गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबात आणि शेवटी इथे कुलाब्यात स्थिरावली.

या संस्थेच्या संदर्भात मराठी वाचकाला आणखी एक नाव आठवल्याशिवाय राहत नाही, ते दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे. गोव्यात जन्मलेले हे गणिती आणि इतिहासकार भाभांच्याच निमंत्रणावरून संस्थेत आले आणि वर्षानुवर्षे पुण्याहून डेक्कन क्वीनने मुंबईला जात-येत राहिले. पुढे दोघांचे बिनसले. भारतासारख्या उन्हाच्या देशाने अणूपेक्षा सौरऊर्जेवर पैसा लावावा, असे कोसंबी उघडपणे सांगत असत. १९६२ मध्ये त्यांचा करार पुढे वाढवला गेला नाही. भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहा यांनीही अणुऊर्जा आयोगाच्या रचनेवर आणि त्याच्या गुप्ततेवर कडक टीका केली होती. १० ऑगस्ट १९४८ रोजी स्थापन झालेल्या आयोगाचे अध्यक्ष भाभा, १९५४ पासून अणुऊर्जा खात्याचे सचिव भाभा, ट्रॉम्बेचे प्रमुख भाभा आणि या संस्थेचे संचालकही भाभाच. एवढी सत्ता एका हाती असल्यामुळे कामे झपाट्याने झाली, आणि त्याच कारणाने विरोधी मताला जागा कमी उरली. भाभांविषयी मला नितांत आदर आहे. पण कोसंबींना बाजूला सारून लिहिलेले भाभांचे चरित्र मला अपुरे वाटते.

संध्याकाळी मलबार हिलवर गेलो. भाभांचा 'मेहरानगीर' बंगला आता तिथे नाही. त्यांचे बंधू जमशेद भाभा यांनी तो राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्राला दिला होता. २०१४ मध्ये त्याचा ३७२ कोटी रुपयांना लिलाव झाला आणि २०१६ मध्ये तो पाडला गेला. स्मारक व्हावे म्हणून ट्रॉम्बेच्या कर्मचाऱ्यांनी न्यायालयापर्यंत धाव घेतली होती. दादा रस्त्यावर बराच वेळ उभे राहिले. "घर राहिलं असतं तर पोरांना दाखवायला बरं झालं असतं," एवढेच ते म्हणाले.

बुधवार : भाऊचा धक्का ते अलिबाग

रेवसची लाँच सकाळी भाऊच्या धक्क्यावरून सुटली. हवा स्वच्छ होती आणि दादांनी ईशान्येला बोट करून ट्रॉम्बेची टेकडी व तिच्या पायथ्याचा पांढरा घुमट दाखवला. तो सायरस भट्टीचा घुमट. कॅनडाच्या मदतीने बांधलेली ही भट्टी जुलै १९६० मध्ये सुरू झाली आणि २०१० च्या अखेरीस कायमची बंद झाली. तिच्याही आधीची 'अप्सरा' ४ ऑगस्ट १९५६ रोजी दुपारी पावणेचारच्या सुमारास क्रांतिक झाली, म्हणजे तिच्यातली साखळी प्रक्रिया स्वतःच्या बळावर चालू लागली. सोव्हिएत रशिया सोडला तर आशियातली ती पहिली अणुभट्टी. इंधन ब्रिटनकडून आले होते, बाकी आखणी आणि बांधणी इथल्या माणसांची.

लाँच ठक-ठक करत चालली होती आणि दादा अप्सरेविषयी सांगत होते. ही भट्टी म्हणजे पाण्याची खोल टाकी. इंधनाच्या पट्ट्या तळाशी पाण्यातच टांगलेल्या. नोकरीच्या सुरुवातीला त्यांना एकदा वरच्या कठड्यावरून आत डोकावायला मिळाले. "दिवे मालवले होते. खाली पाणी निळं, स्वच्छ निळं, आणि ते पाणी स्वतःच उजळलेलं. आमच्या साहेबांनी सांगितलं, इलेक्ट्रॉन पाण्यातल्या प्रकाशापेक्षा जास्त वेगाने धावतात तेव्हा हा उजेड पडतो. मी त्या रात्री जेवताना घरी फक्त त्याच रंगाबद्दल बोलत होतो." दादांनी भाभांना पाहिलेले नाही, पण त्यांचे वरिष्ठ भाभांच्या हाताखालचे होते, आणि ते सांगत की भाभा आधी माणूस निवडत आणि मग त्याच्याभोवती विभाग उभा करीत. १९५७ मध्ये त्यांनी ट्रॉम्बेला प्रशिक्षण शाळा सुरू केली. पुढे अणुकार्यक्रमाची धुरा वाहणाऱ्यांपैकी होमी सेठना आणि राजा रामण्णा भाभांनी निवडलेले; अनिल काकोडकर या शाळेतून आलेले. १९६६ नंतर कार्यक्रम खुंटला नाही याचे श्रेय मी या शाळेला इतर कशाहूनही जास्त देतो.

दुपारी अलिबागला पोचलो आणि चुंबकीय वेधशाळेपाशी गेलो. ही वेधशाळा भाभांची नाही, पण भाभांच्या विषयाचे एक दार इथून उघडते. कुलाब्याच्या जुन्या वेधशाळेत एकोणिसाव्या शतकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. मुंबईत विजेच्या ट्राम धावणार असे ठरल्यावर त्या नोंदी बिघडतील हे ओळखून संचालक नानाभाई फ्रामजी मूस यांनी १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा सुरू केली. लोखंड टाळून बांधलेल्या इमारती उभारल्या आणि जुन्या-नव्या दोन्ही ठिकाणच्या नोंदी काही काळ शेजारी-शेजारी ठेवून मगच कुलाब्याचे काम थांबवले. १९०७ मध्ये ट्राम आल्या, पण नोंदींची मालिका तुटली नाही. मूसही पारशीच, मुंबईचेच आणि अव्वल दर्जाचे शास्त्रज्ञ. कुलाब्यातल्या एका रस्त्याला त्यांचेही नाव आहे.

पृथ्वीच्या या चुंबकत्वाचा भाभांच्या विषयाशी, म्हणजे विश्वकिरणांशी, जवळचा संबंध आहे. अंतराळातून येणारे विद्युतभारित कण या क्षेत्रात वळतात. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते, त्यामुळे आपल्याकडे कमी ऊर्जेचे कण वरच्या वर परतवले जातात आणि फक्त जोरकस कणच खाली पोचतात. म्हणूनच १९३९–४० च्या हिवाळ्यात अमेरिकेचे भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट मिलिकन विश्वकिरण मोजणारे फुगे उडवण्यासाठी भारतात आले, आणि बंगळुरूत अडकलेल्या भाभांना, आपण अडकलो नसून मोक्याच्या जागी आहोत, हे कळले. सिद्धान्त मांडणाऱ्या या माणसाने तिथे गायगर गणकांची (असे कण मोजणाऱ्या नळ्यांची) उपकरणे जुळवली आणि विमानातून उंचावर नेऊन मोजमापे केली. पुढे टाटा संस्थेने प्लास्टिकच्या मोठ्या फुग्यांतून उपकरणे वर पाठवण्याचे तंत्र विकसित केले, त्याचे मूळ या दिवसांत आहे.

गुरुवार : सागरी मार्गाने दक्षिणेकडे

दिवसभर प्रवास, दोनदा खाडी ओलांडणे, आणि रात्री उशिरा रत्नागिरी. मुद्दाम सांगण्यासारखे काही घडले नाही.

शुक्रवार : रत्नागिरी

दादांच्या धाकट्या मुलीचे सासर रत्नागिरीला. तिची मुलगी नववीत आहे आणि 'होमी भाभा'ची तयारी करते आहे. बाहेरच्या वाचकासाठी सांगायचे तर, मुंबईच्या विज्ञान शिक्षक संघटनेने १९८१ मध्ये सुरू केलेली ही बालवैज्ञानिक स्पर्धा सहावी आणि नववीच्या मुलांसाठी असते. लेखी परीक्षा, मग प्रात्यक्षिक, मग प्रकल्प आणि मुलाखत. घरात कुणी "होमी भाभाला बसलीय" म्हटले की वेगळे काही विचारावे लागत नाही. भाभांच्या कीर्तीचे इतके घरगुती रूप मला दुसरीकडे कुठे दिसले नाही.

सकाळी चहा घेताना मुलीने विचारले, "आजोबा, सगळे म्हणतात भाभा मोठे शास्त्रज्ञ. पण त्यांनी नेमका शोध कोणता लावला? न्यूटनचा माहितीय, रामनांचा माहितीय. भाभांचा पुस्तकात दिलेलाच नाही." प्रश्न अगदी बिनतोड होता. दादांनी माझ्याकडे पाहिले, आणि आम्ही तिला घेऊन घरामागच्या कलमांच्या बागेत गेलो.

हापूसला मोहर आला होता. मी एक तुरा वाकवून तिच्यासमोर धरला. मधल्या जाड दांड्याला फाटे, त्या फाट्यांना आणखी बारीक फाटे, आणि टोकाला पोचेपर्यंत शेकडो फुले. विश्वकिरणांचा वर्षाव असाच फुटत जातो, असे तिला सांगितले. अतिवेगवान इलेक्ट्रॉन हवेतल्या अणुकेंद्राजवळून जाताना वळतो आणि त्याच्या ऊर्जेतून एक फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, बाहेर पडतो. तो फोटॉन दुसऱ्या केंद्राजवळ गेला की त्याच्यापासून इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचा धनभारित जुळा) अशी जोडी जन्मते. ती जोडी पुन्हा फोटॉन सोडते, ते फोटॉन पुन्हा जोड्या निर्माण करतात, आणि ऊर्जा वाटली जाता जाता इतकी कमी होते की नवे काही जन्मत नाही. पॉझिट्रॉन सापडल्याला तेव्हा पाचच वर्षे झाली होती. नाझी जर्मनी सोडून इंग्लंडला आलेले वॉल्टर हाइटलर आणि भाभा यांनी १९३७ मध्ये हे गणित मांडले आणि किती खोलीवर किती कण मिळतील ते काढून दाखवले. त्याच सुमारास अमेरिकेत ओपेनहायमर आणि कार्लसन यांनीही स्वतंत्रपणे हेच केले होते.

या गणितातून एक महत्त्वाची गोष्ट निघाली. शिशाच्या जाड थरातूनही पार जाणारे काही कण असतात, त्यांचा हिशेब या वर्षावात बसत नव्हता. म्हणजे ते इलेक्ट्रॉन नसून इलेक्ट्रॉनपेक्षा जड, वेगळेच कण असले पाहिजेत. त्यांना आज आपण म्यूऑन म्हणतो. हे कण अल्पायुषी असतात. १९३८ मध्ये भाभांनी दाखवून दिले की असा कण वेगात असेल तर आइन्स्टाइनच्या सापेक्षतेनुसार त्याचे आयुष्य आपल्याला लांबलेले दिसेल आणि ते मोजून सापेक्षतेचीच परीक्षा घेता येईल. स्थिर म्यूऑन सरासरी २.२ मायक्रोसेकंद जगतो. तेवढ्या वेळात प्रकाशाच्या वेगानेही साधारण ६६० मीटरच अंतर कापले जाते. असे असूनही दहा-पंधरा किलोमीटर उंचीवर जन्मलेले म्यूऑन समुद्रसपाटीला येऊन पोचतात. "हात पुढे कर," मी तिला म्हटले. तळहात आडवा धरला तर साधारण दर सेकंदाला एक म्यूऑन त्यातून आरपार जातो. तिने हात बराच वेळ तसाच धरून ठेवला.

तिसरी गोष्ट सर्वांत टिकाऊ. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळून कोणत्या कोनात किती प्रमाणात विखुरतात याचे सूत्र भाभांनी १९३५ मध्ये काढले. त्याला जगभर 'भाभा विकिरण' (इंग्रजीत 'स्कॅटरिंग', म्हणजे विखुरणे) म्हणतात. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांची टक्कर घडवणाऱ्या यंत्रांत एकूण किती टकरी झाल्या हे मोजायचे असेल तर भाभा विकिरणाच्या घटना मोजतात, कारण त्यांचे गणित सर्वांत खात्रीचे आहे. जिनेव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेच्या लेप यंत्रात हेच मापन वापरले गेले. इमारती पडतात, बंगले विकले जातात. हे सूत्र मात्र जिथे असा प्रयोग होतो तिथे रोज कामाला येते. नोबेल पारितोषिकासाठी भाभांचे नाव १९५० च्या दशकात अनेकदा सुचवले गेले होते. ते मिळाले नाही.

दुपारी बागेचे मालक, म्हणजे मुलीचे वडिलांकडचे आजोबा, यांच्याशी गप्पा झाल्या. अमेरिकेला आंबा जातो तो कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांखालून काढूनच, हे त्यांना चांगले ठाऊक होते. कोयीत राहणाऱ्या भुंग्याच्या भीतीने अमेरिकेने आपल्या आंब्याला अनेक वर्षे दार बंद ठेवले होते. भाभा केंद्राने लासलगावला उभारलेल्या, मालावर असे किरण सोडणाऱ्या केंद्रातून प्रक्रिया होऊन २००७ मध्ये ते दार उघडले. किरण फळातून जातात, फळ किरणोत्सर्गी होत नाही. ट्रॉम्बे आणि दापोलीचे कृषी विद्यापीठ यांच्या सहकार्यातून कोकणासाठी भुईमुगाचे वाणही आले आहेत. ही कामे भाभांच्या हयातीनंतरची. पण अणुसंशोधन केंद्रात शेतीसाठी आणि वैद्यकासाठी जागा असावी हे त्यांनीच ठरवून ठेवले होते.

रात्री जेवणानंतर विषय मृत्यूवर आलाच. हल्ली भाभांविषयी सर्वांत जास्त तेच पसरवले जाते. २४ जानेवारी १९६६ रोजी एअर इंडियाचे 'कांचनजंगा' हे बोइंग ७०७ विमान बैरूतहून जिनेव्हाला उतरताना मों ब्लाँ पर्वतावर आदळले आणि आतले सर्व ११७ जण गेले. भाभा व्हिएन्नाला आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीसाठी निघाले होते. त्याच दिवशी दिल्लीत इंदिरा गांधींचा शपथविधी होता. शास्त्रीजींना जाऊन पंधरवडाही झाला नव्हता. या दोन मृत्यूंच्या जवळिकीतून घातपाताची कथा उभी राहिली. फ्रान्सच्या चौकशीत निष्कर्ष निघाला तो असा: विमानातले एक दिशादर्शक उपकरण नादुरुस्त होते, पर्वतापासूनचे आपले अंतर वैमानिकाने चुकीचे धरले, आणि नियंत्रकाने केलेली दुरुस्ती त्याला नीट उमगली नाही. हिमनदी वितळते तसे अवशेष अजून वर येतात. २०२० मध्ये इंदिराजींच्या निवडीची बातमी असलेली वर्तमानपत्रे सापडली. पुराव्यावाचून रचलेल्या कटकथेत भाभांची कीर्ती अडकून पडावी याचे मला मनापासून दुःख होते. भाभांनी बॉम्ब केला, असेही मुले लिहितात. पोखरणची पहिली चाचणी १८ मे १९७४ ची, त्यांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी झालेली. चीनने ऑक्टोबर १९६४ मध्ये चाचणी केल्यावर आकाशवाणीवरून बॉम्बच्या खर्चाविषयी भाभा बोलले होते आणि त्या दिशेच्या हालचालींना त्यांचा पाठिंबा होता, हे मात्र खरे आहे आणि तेही तिला सांगितले.

शनिवार : माडबन

पावस, कशेळी, आडिवरे, नाटे करत जैतापूरची खाडी ओलांडली आणि माडबनच्या सड्यावर आलो. जांभ्या दगडाचा उघडा माळ, वाळलेले गवत, आणि कड्याखाली समुद्र. इथे मूळ आखणीनुसार प्रत्येकी १,६५० मेगावॉटच्या सहा भट्ट्यांचा, एकूण ९,९०० मेगावॉटचा प्रकल्प ठरला. माडबन, निवेली, करेल आणि मिठगवाणे या गावांची मिळून सुमारे ९३८ हेक्टर जमीन घेतली गेली. डिसेंबर २०१० मध्ये फ्रान्सच्या अरेव्हा कंपनीशी करार झाला. त्यानंतर तीन महिन्यांत जपानमधला फुकुशिमाचा अपघात झाला, आणि एप्रिल २०११ मध्ये नाटे इथल्या आंदोलनावर पोलिसांनी केलेल्या गोळीबारात एका मच्छीमाराचा जीव गेला.

भगवतीच्या देवळापाशी एक वयस्कर बाई भेटल्या. दादा ट्रॉम्बेचे म्हटल्यावर त्यांनी पाणी दिले आणि सरळ विचारले, "तुमच्या भाभांनी पूर्ण किनाराच का धरला हो? समुद्र आमचा, नि मासळी पण आमची." दादांनी उत्तर टाळले नाही. अणुभट्टीला थंड करायला अफाट पाणी लागते, म्हणून किनारा. आणि बाहेर सोडलेल्या कोमट पाण्याची भीती मच्छीमारांना वाटते ती रास्त आहे, तिचे मोजमाप त्यांच्यासमोर झाले पाहिजे, असे ते म्हणाले. "मी आयुष्यभर आत काम केलंय, मला भीती वाटत नाही. पण मला वाटत नाही म्हणून तुम्हालाही वाटू नये, असं मी कसं म्हणू?" १९५५ च्या जिनेव्हा परिषदेत अध्यक्षस्थानावरून भाभांनी दोन दशकांत अणुसंमीलनाची, म्हणजे हलकी अणुकेंद्रे जोडून मिळणारी, ऊर्जा नियंत्रणात येईल असे भाकीत केले होते. ते अजून खरे झालेले नाही. त्यांचा आत्मविश्वास विज्ञानात फळला. माणसांच्या जमिनीशी आणि पोटाशी संबंध येतो तिथे तेवढाच आत्मविश्वास पुरत नाही, हे त्यांच्या वारसदारांनी माडबनला शिकायला हवे होते, असे माझे स्पष्ट मत आहे. कोसंबींचा सौरऊर्जेचा आग्रह त्या तापलेल्या सड्यावर मला पुन्हा आठवला.

रविवार : विजयदुर्ग

वाघोटन खाडीच्या मुखाशी विजयदुर्ग. किल्ल्याजवळ 'साहेबाचे कट्टे' दाखवतात आणि १८ ऑगस्टला हेलियम दिन साजरा करतात. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी इथून हेलियम शोधला, अशी कथा आहे. नोंदी वेगळे सांगतात. त्या ग्रहणाचे वेध फ्रान्सचे खगोलशास्त्रज्ञ जान्सेन यांनी गुंटूरहून घेतले आणि लॉकियर यांनी सूर्याच्या वर्णपटातली, हेलियमची खूण ठरलेली पिवळी रेषा ऑक्टोबर १८६८ मध्ये इंग्लंडमधूनच, ग्रहण नसताना, पाहिली. मात्र लॉकियर विजयदुर्गला खरोखर आले होते, ते तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी, युद्धनौकेवरच्या खलाशांची मदत घेऊन. तोपर्यंत विल्यम रॅमसे यांनी हेलियम पृथ्वीवरही, युरेनियमच्या खनिजात, शोधून काढला होता. तो युरेनियमच्या खनिजातच का साठतो याचे उत्तर पुढे रदरफर्ड यांनी दिले: किरणोत्सर्गात बाहेर पडणारा अल्फा कण म्हणजे हेलियमचेच केंद्र. भाभांच्या विद्येची सुरुवात या उत्तरातून झाली.

कट्ट्यापाशी बसलेल्या एका गृहस्थांना मी १८९८ ची हकीकत सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि विचारले, "म्हणजे साहेब आला होता, हे खरं ना?" आला होता, मी म्हटले. "मग साल दुरुस्त करू," ते म्हणाले आणि माझ्याकडून तारीख कागदावर लिहून घेतली. दादांनी तिथूनच नातीला फोन लावला. मुलाखतीत भाभांचा शोध विचारला तर आधी १९३५ चे विकिरण सांग, मग १९३७ चा वर्षाव आणि १९३८ चा म्यूऑनचा काळ. तारापूर आणि ट्रॉम्बे त्यानंतर. तिने फोनवर तिन्ही साले पुन्हा म्हणून दाखवली आणि हाइटलर नाव कसे लिहायचे ते विचारले.